दुखणे कधीपासून, एवढेच विचारू नका

प्रति,
कॅलिफोर्निया, टेक्सास आणि अमेरिकेत अन्यत्र स्पॅनिशभाषक वस्त्यांमध्ये दवाखाने चालवणाऱ्या मराठी डॉक्टरांस,



मी फिजिओथेरपिस्ट आहे. शिक्षण नागपुरात झाले, काम करते कॅलिफोर्नियाच्या सॅन वाकीन खोऱ्यात. माझ्याकडे येणाऱ्या चिठ्ठ्यांवर पुष्कळदा तुमच्यापैकीच कुणाची तरी सही असते. कुलकर्णी, पाटील, देशमुख, गायकवाड. मजकूर साधारण एकसारखा असतो: कंबरदुखी, सहा महिन्यांहून अधिक, एमआरआयमध्ये विशेष काही नाही, व्यायाम शिकवावेत. चिठ्ठी घेऊन येणारी माणसे मेक्सिकोची, एल साल्वादोरची, ग्वाटेमालाची असतात. त्यांच्याबद्दल तुमच्याशी बोलायचे आहे.

तुमच्यातल्या पुष्कळांचा इथला जम या माणसांच्या गावांतच बसला. जे-1 व्हिसावर रेसिडेन्सी केली की दोन वर्षे मायदेशी परतण्याची अट येते. ती माफ करून घ्यायची, तर जिथे डॉक्टर मिळत नाहीत अशा भागात तीन वर्षे पूर्णवेळ काम करायचे. 1994 सालापासूनची ही कॉनरॅड सवलत आता प्रत्येक राज्याला वर्षाला 30 डॉक्टरांसाठी मिळते. आणि डॉक्टर जिथे मिळत नाहीत, तिथे बहुतेकदा द्राक्षाचे, बदामाचे, लेट्यूसचे मळे असतात, नाहीतर मांसप्रक्रियेचे कारखाने असतात. तुमच्या ग्रीन कार्डाची वाट या लोकांच्या दुखणाऱ्या पाठीवरून गेली आहे. टोमणा म्हणून लिहीत नाही. त्यातून एक नाते तयार झाले आहे आणि त्या नात्याच्या हक्काने एक मागणी करते आहे. दीर्घकाळ दुखणे घेऊन येणाऱ्या या पेशंटला, त्याच्यावर काय गुजरले, ते विचारा.

तुम्ही म्हणाल, हिस्टरी तर आम्ही घेतोच. मग 2003 साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आलेला एक अभ्यास आठवून पाहा. लॉस एंजेलिसमधल्या वस्तीपातळीवरच्या दवाखान्यांत नेहमीच्या तपासणीसाठी आलेल्या 638 लॅटिनो प्रौढांशी संशोधक बोलले. मानसोपचाराला आलेली ही माणसे नव्हती, रक्तदाब आणि साखर दाखवायला आलेली होती. त्यांतल्या निम्म्याहून अधिक लोकांनी मायदेशी राजकीय हिंसा भोगलेली होती आणि 8 टक्क्यांचा छळ झालेला होता. ज्यांनी हिंसा भोगली होती त्यांच्यात नैराश्य आणि आघातानंतरचा ताणविकार इतरांपेक्षा जास्त होता, दीर्घकालीन दुखणे जास्त होते आणि दुखण्यापायी रोजची कामे अडत होती. मला हलवून गेलेली गोष्ट पुढेच आहे. हिंसा भोगलेल्यांपैकी, आपल्यावर काय गुजरले ते या देशात आल्यावर एखाद्या डॉक्टरला किंवा नर्सला कधी तरी सांगितलेले लोक होते अवघे 3 टक्के. आणि सध्याच्या डॉक्टरने आपणहून विचारले, असे सांगणारा एकही जण नव्हता.

एकही नाही. ती माणसे दवाखान्यात येत होती, कपडे बदलून तपासणीच्या टेबलावर बसत होती, कुठे दुखते ते बोटाने दाखवत होती.

ही माणसे कुठून आली, ते आपल्याकडे फारसे कुणाला ठाऊक नसते. ग्वाटेमालाचे यादवी युद्ध 1960 ते 1996 असे 36 वर्षे चालले. दोन लाखांवर माणसे मारली गेली किंवा बेपत्ता झाली, आणि त्यांत माया आदिवासींची संख्या फार मोठी होती. एल साल्वादोरमध्ये 1980 ते 1992 या काळात सुमारे 75 हजार लोक मेले. तिथल्या सरकारांच्या पाठीशी अमेरिका होती, म्हणून पळून आलेल्यांना निर्वासित मानायला अमेरिका तयार नव्हती. 1984 साली या दोन देशांतल्या आश्रय मागणाऱ्यांपैकी 3 टक्क्यांनाही तो मिळाला नाही. उरलेल्यांनी लपून राहून भांडी घासली, छपरे घातली, द्राक्षे तोडली. त्या वेळी पंचविशीत असलेली माणसे आज पासष्टी ओलांडून तुमच्याकडे गुडघे घेऊन येतात.

अर्थात ‘हिस्पॅनिक’ हा जनगणनेच्या फॉर्मवरचा एक चौकोन आहे. 2020 मध्ये त्यात 6 कोटी 21 लाख लोक मोजले गेले. पोर्तो रिकोची माणसे 1917 पासून अमेरिकेची नागरिक आहेत. त्यांना सीमा ओलांडावी लागली नाही, पण 2017 च्या मारिया वादळाने त्यांची घरे उडवून नेली. क्यूबाच्या लोकांचा प्रवास वेगळा, कॅलिफोर्नियात चार पिढ्या राहिलेल्या मेक्सिकन कुटुंबांचा वेगळा. कुणाच्या वाट्याला सैनिक आले, कुणाच्या वाट्याला वाळवंटातली वाट, कुणाच्या वाट्याला नवरा. सगळ्यांच्या वाट्याला काही आलेच असे समजून चालू नका. विचारायचे ते यासाठीच, की बघून कळत नाही.

आघात आणि दुखणे एकमेकांना कसे जगवतात, हे माझ्या टेबलावर रोज दिसते. पाठीमागे उभी राहून मी खांद्यावर हात ठेवला, की काही जणींचे अख्खे अंग ताठते. मग मी समोर येते, दार त्यांना दिसेल अशी खुर्ची फिरवते आणि हात लावण्याआधी सांगते. एवढ्याने मान थोडी सैल पडते. दुखणे त्या घटनेची आठवण करून देते. आठवणीने छाती धडधडते, स्नायू आवळतात, झोप उडते. झोप नसली की दुखणे सोसण्याची ताकद कमी होते. दुखेल म्हणून माणूस हलत नाही आणि न हलल्याने सांधे अधिकच धरतात. मज्जासंस्था इतकी जागी राहते की साधा स्पर्शही इजा वाटावी. यात कल्पनेचा खेळ कुठेच नाही. जखम भरली तरी धोक्याची घंटा वाजत राहते आणि दुखते ते खरेच दुखते. वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2020 मध्ये व्याख्या सुधारली, तेव्हा सोबतच्या टिपांत शरीर, मन आणि समाज हे तिन्ही घटक आणले आणि दुखत असल्याचे माणसाने सांगितले तर त्या सांगण्याचा मान राखावा, असेही स्पष्ट लिहिले. ‘एमआरआय नॉर्मल आहे, काळजी करू नका’ हे वाक्य धीर देण्यासाठी म्हटले जाते, मला माहीत आहे. ऐकणाऱ्याला मात्र ‘तुम्ही खोटे बोलता’ असे ऐकू येते.

आता दुसरी बाजू, कारण सगळे आघातावर ढकलणे हाही अन्यायच. एल कोर्तितो तुमच्यातल्या काहींना माहीत असेल. बिट आणि लेट्यूसची विरळणी करायला मजुरांच्या हाती दिले जाणारे आखूड दांड्याचे खुरपे. दांडा फार तर दोन फुटांचा, म्हणजे दिवसभर कमरेत वाकूनच काम. लांब दांड्याने काम नीट होत नाही, असे मळेवाले सांगत. खरे कारण मजूर बोलून दाखवत: वाकलेल्यांमध्ये ताठ उभा राहिलेला मुकादमाला लांबून दिसतो. सलीनास खोऱ्यातल्या मजुरांच्या वतीने कॅलिफोर्निया रूरल लीगल असिस्टन्सचे वकील लढले, मणक्यांची काय दशा होते याच्या साक्षी डॉक्टरांनी दिल्या, आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर 1975 मध्ये ते खुरपे बंद झाले. पन्नास वर्षे झाली. त्या खुरप्याने ज्यांची जवानी वाकवली ते अजून हयात आहेत. आणि स्ट्रॉबेरी आजही वाकूनच तोडावी लागते. बीड किंवा अंबाजोगाईच्या ओपीडीत शिकलेल्यांनी ऊसतोड मजुरांच्या कमरा पाहिल्या आहेत. मुकादम, उचल आणि मोळी म्हणजे काय हे त्यांना उलगडून सांगायला नको. म्हणून पेशंटला काम विचारताना ‘शेतात’ एवढ्या उत्तरावर थांबू नका. कोणते पीक, किती तास, कुणाकडे, आणि पडल्यावर कुणाला सांगितले का, हे विचारा. त्या शेवटच्या प्रश्नाला बरेचदा नकारार्थी मान हलते. सांगितले तर काम जाते.

सांस्कृतिक जुळवणुकीचे, म्हणजे इथे मुरत जाण्याचे, काय? इथे आकडे गोंधळात टाकतात. 2019 च्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीत दीर्घकालीन दुखणे असल्याचे 23.6 टक्के गोऱ्या प्रौढांनी सांगितले, तर हिस्पॅनिक प्रौढांपैकी 13 टक्क्यांनी. म्हणजे हे लोक सुखी आहेत काय? थोडेसे खरेही असेल. त्यांची लोकसंख्या तरुण आहे, स्थलांतर करतो तो बहुधा धडधाकटच असतो, शिवाय घरात माणसे असतात. गरिबी असूनही त्यांचे आरोग्य अपेक्षेपेक्षा बरे दिसते याची नोंद 1986 पासून आहे. पण पाहणी करणाऱ्याला काय सांगायचे, हेही माणूस ठरवतो. ज्याला दुखणे सांगून कधीच काही मिळाले नाही, तो सांगणे सोडतो. सोसणे हा तिथे पुरुषाचा धर्म मानला जातो आणि आईचाही. आपल्याकडेही मानला जातोच.

मी काम करते त्याच खोऱ्यात, फ्रेझ्नो काउंटीत, मेक्सिकन वंशाच्या सुमारे 3 हजार प्रौढांचा अभ्यास झाला. तो 1998 मध्ये प्रसिद्ध झाला. आयुष्यात कधी तरी मानसिक विकार झालेल्यांचे प्रमाण मेक्सिकोत जन्मलेल्यांत सुमारे 25 टक्के होते, अमेरिकेत जन्मलेल्यांत 48 टक्के. आणि मेक्सिकोतून आलेल्यांतही, ज्यांना इथे येऊन अधिक वर्षे झाली त्यांच्यात ते जास्त होते. मुरण्याने माणूस बरा होतो हा आपला, मध्यमवर्गीय स्थलांतरितांचा, लाडका समज आहे. इंग्रजी आले, घर घेतले, मुले चांगल्या शाळेत गेली की झाले. या लोकांना त्याच प्रवासात उलटे काहीतरी भेटते. इंग्रजी कळू लागते तसा अपमानही कळू लागतो. मुले आईशी तिच्या भाषेत बोलेनाशी होतात. ज्या आज्या, मावश्या आणि शेजारणी दुखणे वाटून घेत, त्या मागे राहतात. संशोधनातली जुळवणुकीची मोजपट्टी बरेचदा घरात कोणती भाषा बोलता, टीव्ही कोणत्या भाषेत पाहता एवढ्यावरच अडते. आईच्या मातीला जाता आले नाही, कारण गेलो तर परत येता येणार नाही, हे कोणत्या रकान्यात भरायचे? तुमच्यातल्या ज्यांनी कोविडच्या काळात वडिलांचे अंत्यदर्शन मोबाइलच्या पडद्यावर घेतले, त्यांना ही कळ ठाऊक आहे. तुमची ती एकदाच आली आणि तुमच्याकडे कागदपत्रे होती.

भाषेबद्दल एक प्रसंग सांगते. तो छापील आहे. डॉक्टर आणि मानववंशशास्त्रज्ञ असलेले सेथ होम्स त्रिकी आदिवासी मजुरांबरोबर राहिले, त्यांच्याबरोबर स्ट्रॉबेरी तोडली आणि 2013 मध्ये ‘फ्रेश फ्रूट, ब्रोकन बॉडीज’ हे पुस्तक लिहिले. त्यात बेर्नार्दो या टोपणनावाचा एक वयस्क मजूर आहे. मेक्सिकोतल्या ओआहाकात सैनिकांनी त्याला पकडून नेले आणि बेदम मारले, तेव्हापासून त्याचे पोट दुखते. अमेरिकेतल्या दवाखान्यात तो हे सांगायला गेला. त्याची मातृभाषा त्रिकी, स्पॅनिश मोडकीतोडकी, डॉक्टरची भाषा इंग्रजी. एवढ्या उड्या मारून गोष्ट पलीकडे पोहोचली तेव्हा डॉक्टरांची समजूत अशी झाली होती, की हा पूर्वी बॉक्सर होता. छळ झालेला माणूस दवाखान्यातून बाहेर पडला तो निवृत्त मुष्टियोद्धा होऊन. हे वाचल्यापासून ओआहाकाचा पेशंट आला की घरी कोणती भाषा बोलता, हे मी आधी विचारते. मिश्तेक, सापोतेक, त्रिकी. फोनवर दुभाषी मिळतात, वेळ लागतो, पण मिळतात.

आणि मुलांना दुभाषी करू नका. आईवर काय अत्याचार झाले ते दहा वर्षांच्या मुलीच्या तोंडून विचारणार कसे, आणि आई ते तिच्यासमोर सांगणार कशी? तातडीची वेळ सोडली तर मुलांना असे वापरायला 2016 पासून आरोग्य कायद्याच्या नियमांनीही मनाई आहे. इंग्रजी न येणाऱ्यांना सेवा मिळावी म्हणून 2000 साली निघालेला अध्यक्षीय आदेश मार्च 2025 मध्ये रद्द झाला. तेव्हापासून काही व्यवस्थापनांनी दुभाष्याच्या खर्चाबद्दल कुरकुर सुरू केल्याचे ऐकते. त्यांना सांगा, 1964 चा नागरी हक्क कायदा रद्द झालेला नाही, आरोग्य कायद्यातले भेदभावविरोधी कलमही शाबूत आहे. हे डॉक्टरने म्हटले की ऐकले जाते. फिजिओने म्हटले की तितकेसे नाही.

आणखी एक, जरा कडू. 1993 साली लॉस एंजेलिसच्या विद्यापीठ रुग्णालयातल्या तातडीच्या विभागाची पाहणी प्रसिद्ध झाली. हातापायाचे लांब हाड मोडून आलेल्यांपैकी 55 टक्के हिस्पॅनिक पेशंटांना वेदनाशामक दिलेच गेले नव्हते. गोऱ्यांमध्ये हे प्रमाण 26 टक्के. कदाचित डॉक्टरांना त्यांचे दुखणे कमी वाटत असेल, म्हणून संशोधकांनी पुढच्या वर्षी तेही तपासले. हिस्पॅनिक असो वा गोरा, डॉक्टरांचा वेदनेचा अंदाज सारखाच निघाला. म्हणजे दुखते आहे हे दिसत होते. दिसणे आणि देणे यांच्या मध्ये कुठे तरी माणूस हरवला. आपण परदेशातून आलो, आपणही सावळे, म्हणून आपल्या हातून असे होणार नाही, असे समजू नका. अकोल्यात किंवा साताऱ्यात शिकताना जनरल वॉर्डातल्या बाईशी आणि स्पेशल रूममधल्या बाईशी एकाच आवाजात बोलायला आपल्याला कुणी शिकवले होते? ते ओझे आपण विमानात घेऊनच चढलो.

विचारायचे कसे? पंधरा मिनिटांची अपॉइंटमेंट, बाहेर रांग, समोर कॉम्प्युटर, सगळे मान्य. पहिल्याच भेटीत विचारू नका. त्याच दुखण्यासाठी तिसऱ्यांदा कुणी आले की दार लावा, दुभाष्याला लाइनवर घ्या आणि एवढेच म्हणा: ज्यांना असे दुखते त्यांच्यातल्या काहींवर पूर्वी फार वाईट प्रसंग आलेले असतात, तिकडे किंवा इथे, घरात किंवा बाहेर, तुमच्यावर असे काही आले का? सांगितलेच पाहिजे असे नाही. मग गप्प बसा. तपशील उकरू नका. ‘झाले होते’ एवढे उत्तर पुरेसे आहे. त्या उत्तराने तुमची औषधे बदलतील, माझे व्यायाम बदलतील, झोपेवर आधी काम होईल आणि चौथा एमआरआय टळेल. कुणी सांगेल की सोबादोरकडून, म्हणजे तिथल्या मालिश करणाऱ्या वैदूकडून, चोळून घेते. तोंड वाकडे करू नका. कुणी ‘नर्विओस’चा, म्हणजे नसांचा, जिवाच्या घालमेलीचा त्रास आहे म्हणेल, तोही लिहून घ्या, मानसोपचाराच्या अमेरिकन ग्रंथाने 2013 च्या आवृत्तीत त्याची दखल घेतली आहे.

एक मात्र लिहू नका: कागदपत्रे आहेत की नाहीत. पेशंटने आपणहून सांगितले तरी त्याची नोंद कॉम्प्युटरवर नको. रुग्णालये, शाळा आणि चर्च यांच्या आवारात धरपकड टाळण्याचे धोरण जानेवारी 2025 मध्ये मागे घेतले गेले. तेव्हापासून माझ्याकडच्या अपॉइंटमेंटा चुकतात आणि फोन केला तर उचलला जात नाही. भीती अंगात कशी उतरते, याचा दाखला आयोवातल्या पोस्टव्हिलचा आहे. मे 2008 मध्ये तिथल्या मांसप्रक्रिया कारखान्यावर छापा पडला, 389 लोक पकडले गेले. त्यानंतर राज्यभरातल्या लॅटिना मातांच्या बाळांत कमी वजनाने जन्मण्याचा धोका आदल्या वर्षापेक्षा 24 टक्क्यांनी वाढला. अमेरिकेत जन्मलेल्या, नागरिक असलेल्या मातांच्या बाळांतही वाढला. छापा एका गावात पडला होता. आज ज्या बाईची मान आखडली आहे, तिचा आघात भूतकाळातला आहे असे धरून चालू नका. तो आज सकाळी पार्किंगमधल्या गाडीत तिच्या शेजारी बसलेला असू शकतो.

हे तुम्ही एकट्याने करावे, असे मी म्हणत नाही. तुमच्या भागात प्रोमोतोरा असतील, म्हणजे आपल्याकडच्या आशाताईंसारखे काम करणाऱ्या, त्याच वस्तीत राहणाऱ्या बायका. दारामागे काय चालले आहे ते त्यांना माहीत असते. पगार नगण्य असतो आणि अनुदान संपले की पहिली गदा त्यांच्यावर येते. दवाखान्याच्या बैठकीत त्यांच्या पगाराचा विषय काढणारा डॉक्टर हवा.

दुसरे, इथल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाचे अधिवेशन दर दोन वर्षांनी भरते. तुम्ही त्याला येता, देणग्याही देता. पुढच्या अधिवेशनात डॉक्टरांसाठी या विषयावर दोन तास मागून घ्या. व्याख्याता म्हणून कुणा मोठ्या विद्यापीठाच्या प्राध्यापकाला बोलावण्याआधी एका प्रोमोतोराला बोलवा, तिला प्रवासखर्च आणि प्राध्यापकाइतकेच मानधन द्या. ती स्पॅनिशमध्ये बोलेल. प्रशिक्षित दुभाष्याची सोय मी करते. सभागृह आणि वेळ तेवढी तुम्ही मिळवा.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

तुमची,
सॅन वाकीन खोऱ्यातली एक फिजिओथेरपिस्ट